थंडीतून ऊब उपसणारा माणूस

लेकीच्या बाळंतपणासाठी ग्लासगोला जायचे ठरले तेव्हा मी माझ्या परीने सगळी तयारी केली होती. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, झबली, टोपडी. तयारी करता आली नाही ती फक्त तिथल्या थंडीची. साताऱ्यात जन्म गेलेल्या माणसाची थंडी म्हणजे पहाटेची शेकोटी आणि नऊच्या सुमारास अंगणात उतरणारे ऊन. इथे नोव्हेंबरअखेर चार वाजायच्या आत सूर्य मावळत होता, आणि दिवसभर तो उगवलेला होता असेही खात्रीने सांगता येत नव्हते.

लेकीच्या घरातला गॅसचा जुना बॉयलर काढून त्याच वर्षी हीट पंप बसवला होता. मागच्या अंगणात कपाटाएवढी पेटी, तिच्यात मोठा पंखा. घरात खोलीखोलीत भिंतीलगतचे रेडिएटर. आणि स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवर तळहाताएवढी पांढरी चौकट, तिच्यावर उजळणारे आकडे. हा डिजिटल थर्मोस्टॅट. घर किती गरम हवे ते त्याला सांगायचे, यंत्र कधी चालू करायचे आणि कधी थांबवायचे ते तो पाहतो. लेकीने तो २० अंशांवर लावला होता आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, असे मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते.

मी हात लावला. नात तेव्हा तीन आठवड्यांची होती. दुपारी मायलेकी झोपल्या होत्या, बाहेर बारीक पाऊस होता आणि रेडिएटरला हात लावून पाहावा तर तो जेमतेम कोमट. बॉयलरच्या काळात म्हणे त्यावर हात ठरत नसे. एवढ्याशा उबेत तान्हे बाळ कसे निभावणार, या काळजीने मी अधिकचे बटण दाबत दाबत आकडा २८ वर नेला. तासाभरात काही फरक पडला नाही. मग मी विसरून गेले. संध्याकाळी लेक जागी झाली तेव्हा घर भट्टीसारखे झाले होते आणि बाळाची मान घामाने ओली होती. बाळाच्या खोलीत १६ ते २० अंशच हवेत, फार उकाडा तान्ह्या बाळाला धोक्याचा असतो, असे तिथल्या परिचारिकेने तिला बजावून सांगितले होते. भरीस भर म्हणजे एवढी मोठी उडी मागितल्यावर यंत्राने मदतीला आपला विजेचा साधा हीटर चालू केला होता आणि मीटर धावत सुटला होता. लेक रागावली. तिला वाढवताना मला असली चौकट लागली नव्हती, असे मीही बोलून गेले. त्या रात्री आम्ही दोघी एकमेकींशी न बोलता जेवलो.

दुसऱ्या दिवशी घरात बसवेना म्हणून मी चालत केल्विनग्रोव्ह पार्कमध्ये गेले. खाली केल्विन नदी, वर टेकडीवर विद्यापीठाचा मनोरा, आणि बागेत खुर्चीवर बसलेल्या एका दाढीवाल्या गृहस्थांचा पुतळा. लॉर्ड केल्विन. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. सेल्सियसमध्ये २७३ मिळवले की केल्विन, हे किती वर्गांकडून घोकून घेतले असेल त्याची गणती नाही. पण २७३ च्या मागे एक माणूस होता, याचा कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी संध्याकाळी जावयांनी सहज सांगितले की, आपल्या अंगणातल्या पेटीची कल्पना याच माणसाची, आणि तीही याच गावातली. तेव्हापासून नात झोपली की मी त्यांचे चरित्र वाचू लागले.

बेलफास्टचा मुलगा

त्यांचे मूळ नाव विल्यम थॉमसन. जन्म २६ जून १८२४, आयर्लंडमधल्या बेलफास्ट येथे. वडील जेम्स थॉमसन गणिताचे शिक्षक. विल्यम सहा वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी मुलांना स्वतः शिकवले, आणि त्यांना ग्लासगो विद्यापीठात गणिताची प्राध्यापकी मिळाल्यावर सारे बिऱ्हाड या गावी आले. दहाव्या वर्षी विल्यमने विद्यापीठात नाव घातले. त्या काळी तिथे लहान मुलांनाही प्रवेश मिळत असे, तरी दहा वर्षे म्हणजे फारच कोवळे वय. पुढे केंब्रिजला जाऊन १८४५ मध्ये तो तिथल्या अवघड गणिताच्या परीक्षेत दुसरा आला.

त्यानंतर काही महिने तो पॅरिसला राहिला. रेन्यो नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत वाफेची आणि वायूंची अतिशय काटेकोर मोजमापे चालत, तिथे त्याने काम केले. त्याच दिवसांत तो पुस्तकांच्या दुकानांतून एक पुस्तक शोधत हिंडत होता. सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने उष्णतेपासून मिळणाऱ्या शक्तीवर लिहिलेले ते लहानसे पुस्तक १८२४ मध्ये, म्हणजे विल्यमच्याच जन्मसाली निघाले होते. कार्नो १८३२ मध्ये वारला आणि पुस्तक विस्मरणात गेले. दुकानदारांना नावही ठाऊक नव्हते. विल्यमला त्याची प्रत मिळायला आणखी तीन वर्षे लागली.

१८४६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ग्लासगो विद्यापीठाने त्याला प्राध्यापक नेमले. वडील अजून तिथेच शिकवत होते. मुलाला हे पद मिळावे म्हणून त्यांनी मनापासून खटपट केली होती. पण बापलेकांचा हा सहवास फार टिकला नाही. १८४९ च्या जानेवारीत कॉलऱ्याच्या साथीत वडील गेले. थॉमसन मात्र त्या जागेवर ५३ वर्षे राहिले. केंब्रिजसारख्या ठिकाणाहून बोलावणी आली तरी त्यांनी ग्लासगो सोडले नाही.

विहीर आणि मोट

कार्नोचे म्हणणे थोडक्यात असे होते. पाणी उंचावरून खाली पडताना पाणचक्की फिरवते, तशी उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे जाताना इंजिन चालवते. १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या एका परिषदेत थॉमसन यांनी मँचेस्टरच्या जेम्स जूल यांचे भाषण ऐकले. जूल यांच्या मते काम आणि उष्णता एकमेकांत बदलू शकतात. कार्नोच्या म्हणण्यात मात्र उष्णता खाली उतरते, खर्च होत नाही. दोघेही बरोबर कसे असतील, हा प्रश्न थॉमसन यांनी पुढची चार वर्षे सोडला नाही. दरम्यान जर्मनीत क्लाउझियस यांनाही त्याचे उत्तर सापडत होते. १८५१ पर्यंत मेळ बसला. ऊर्जा नाहीशी होत नाही, पण उष्णता आपण होऊन गरमाकडून थंडाकडेच जाते. उलट दिशेने न्यायची तर काम करावे लागते.

या धडपडीतूनच १८४८ मध्ये त्यांनी तापमानाचे नवे माप सुचवले. पाऱ्याचा, अल्कोहोलचा आणि हवेचा तापमापक एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, कारण प्रत्येक पदार्थ आपल्या स्वभावाप्रमाणे फुगतो. पदार्थावर अवलंबून नसलेले माप हवे होते. त्या मापाचा शून्य म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सियस. त्याखाली थंडी नाही. याचा साधा अर्थ माझ्या लक्षात इतक्या वर्षांनी आला. बाहेर बर्फ पडत असले, तरी त्या हवेत शून्य केल्विनच्या मानाने भरपूर उष्णता असते. गोठलेल्या अंगणातही ऊब असते, फक्त ती खाली, खोल पातळीवर असते.

१८५२ च्या डिसेंबरात ग्लासगोच्या फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे थॉमसन यांनी एक निबंध वाचला. विषय होता हवेच्या प्रवाहाने इमारती गरम किंवा थंड करण्यातली काटकसर. त्यांनी सुचवलेले यंत्र असे: बाहेरची हवा एका सिलिंडरमध्ये प्रसरण पावू द्यायची, म्हणजे ती बाहेरच्याहूनही थंड होईल, मग ती सभोवतालच्या वातावरणातून उष्णता शोषून घेईल, आणि दुसऱ्या सिलिंडरमध्ये ती दाबली की गरम होऊन घरात सोडता येईल. कोळसा जाळून थेट घर तापवण्यापेक्षा त्याच कोळशाने हे यंत्र चालवले तर कितीतरी जास्त ऊब मिळेल, हे त्यांनी गणिताने दाखवले. तेच यंत्र उलटे चालवले की उष्ण प्रदेशातले घर थंड करता येईल, हेही त्यांनी सांगून ठेवले.

मला आमच्या मळ्यातली विहीर आठवली. मोट ओढणारा बैल पाणी तयार करत नाही, विहिरीत असलेले पाणी वर आणतो. वैरण बैलाला द्यायची, पाण्याला नाही. हीट पंपाचे तेच. वीज लागते ती मोट ओढायला. म्हणून विजेचे एक युनिट खर्चून घरात साधारण तीन युनिटांएवढी ऊब येते. साधा हीटर म्हणजे बैल कापून त्याच्या कातड्यात पाणी शोधण्यासारखे. मोट जितकी खोल, तितके बैलाचे कष्ट जास्त. रेडिएटर कोमट ठेवतात ते म्हणूनच. पाणी ३५ ते ४५ अंशांपर्यंत तापवून दिवसभर हळूहळू फिरवत ठेवले की यंत्राला चढ कमी पडतो.

थॉमसन यांचे यंत्र त्यांच्या हयातीत घरोघर गेले नाही. कोळसा मुबलक होता, कुणाला काटकसरीची निकड नव्हती. ऑस्ट्रियात रिटिंगर यांनी १८५० च्या दशकात मिठाच्या कारखान्यासाठी याच तत्त्वावर चालणारे यंत्र केले. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या नगरभवनाला १९३८ मध्ये लिमाट नदीच्या पाण्यातून ऊब मिळू लागली. आपल्या घरचा फ्रिज, साताऱ्याच्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांकडे घरघरणारा एसी, ही सारी त्याच कुळातली यंत्रे.

जोर कामी येत नाही

थॉमसन यांना जगात नाव मिळवून दिले ते मात्र उष्णतेने नव्हे, समुद्राखालच्या तारेने. युरोप आणि अमेरिका यांना जोडणारी तार अटलांटिकच्या तळाशी टाकायची होती. थॉमसन संचालक म्हणून आणि पुढे प्रत्यक्ष जहाजावर त्या कामात होते. इतक्या लांबच्या तारेतून आलेला संदेश पलीकडे अगदी क्षीण आणि पसरट होऊन पोचणार, हे त्यांनी आधीच गणिताने सांगितले होते. त्यासाठी त्यांनी आरशाचे यंत्र बनवले. रेशमाच्या धाग्याला टांगलेला इवलासा आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेले बारीक चुंबक, आणि आरशावरून परतून पट्टीवर पडणारा उजेडाचा ठिपका. तारेत किंचितशी वीज आली तरी ठिपका सरके.

कंपनीचा मुख्य विद्युततज्ज्ञ व्हाइटहाउस हा पेशाने डॉक्टर. त्याचा भरवसा जोरावर होता. १८५८ च्या ऑगस्टमध्ये तार जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जायला सुमारे सोळा तास लागले. संदेश नीट जाईनात तेव्हा व्हाइटहाउसने तारेवर सुमारे २००० व्होल्टचा दाब दिला. आधीच कमकुवत असलेली तार काही आठवड्यांत मुकी झाली. लोकांचे पैसे आणि आशा समुद्रात बुडाल्या. १८६५ चा प्रयत्नही तार तुटून फसला. १८६६ मध्ये ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजाने अखेर तार टाकली, आणि आता अगदी हलक्या विजेने, आरशाच्या यंत्रावर, संदेश स्वच्छ वाचता येऊ लागले. त्याच वर्षी थॉमसन सर झाले. चार वर्षांनी, १८७० मध्ये, हेच ग्रेट ईस्टर्न मुंबईहून एडनपर्यंतची तार टाकायला आपल्या किनाऱ्यावर आले होते.

ही हकीकत वाचताना मला माझा २८ चा आकडा आठवला. थर्मोस्टॅटला मोठा आकडा सांगितला म्हणून घर लवकर तापत नाही. यंत्र आपल्या गतीनेच चालते, फक्त थांबायचे कुठे ते आपण दूर नेऊन ठेवतो. बॉयलर पेटवून विझवायची सवय असलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. हीट पंप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करण्यापेक्षा दिवसा २०, रात्री १८ असा फार तर दोन अंशांचा फरक ठेवून तो संथपणे चालू द्यावा, हे बरे. एका पहाटे अंगणातल्या पेटीतून वाफा निघताना पाहून मी जावयांना हाका मारल्या. पण ते काही पेटले नव्हते. नळ्यांवर हिम साचले की यंत्र थोडा वेळ उलटे चालून ते वितळवते. एकशे सत्तर वर्षांपूर्वी सांगितलेले उलटे चालणे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते.

घरातली थंडी

१८५२ हे वर्ष थॉमसन यांच्या घरातही महत्त्वाचे होते. त्या सप्टेंबरात त्यांचे मार्गारेट क्रम हिच्याशी लग्न झाले. लग्नानंतर थोड्याच काळात तिची प्रकृती ढासळली, ती पुन्हा सावरली नाही. सतरा-अठरा वर्षे त्यांनी आजारी पत्नीला सांभाळले. त्यातच १८६० च्या हिवाळ्यात बर्फावर खेळताना पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले आणि पुढे जन्मभर ते लंगडत चालले. १८७० मध्ये मार्गारेट गेली. त्याच वर्षी त्यांनी लल्ला रूख नावाचे शिडाचे जहाज घेतले. त्यावर राहून त्यांनी जहाजांसाठी नवे होकायंत्र आणि समुद्राची खोली मोजण्याचे साधन तयार केले. १८७४ मध्ये मदेरा बेटावरच्या फ्रान्सिस ब्लँडी यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. मूलबाळ झाले नाही.

विद्यापीठाच्या आवारातल्या त्यांच्या घरात १८८१ मध्ये विजेचे दिवे लागले. सगळे घर विजेने उजळल्याची ही जगातल्या पहिल्या काही उदाहरणांपैकी एक. १८९२ मध्ये त्यांना लॉर्ड पद मिळाले. पदवीसाठी त्यांनी विद्यापीठाखालून वाहणाऱ्या नदीचे नाव घेतले. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत असलेला केल्विन म्हणजे मुळात ग्लासगोतली ही लहानशी नदी.

चुकीच्या जागेवरचे बरोबर उत्तर

अशा माणसाचीही एक मोठी चूक झाली, आणि ती मला सर्वांत जवळची वाटली. तप्त गोळा निवत निवत आजच्या पृथ्वीएवढा थंड व्हायला किती काळ लागेल, याचे गणित त्यांनी १८६२ मध्ये मांडले. उत्तर आले २ कोटी ते ४० कोटी वर्षे. पुढे १८९७ पर्यंत ते २ ते ४ कोटींवर आले. डोंगर झिजायला आणि जीवसृष्टी बदलायला याहून फार मोठा काळ लागला असणार, असे भूशास्त्रज्ञ आणि डार्विनच्या बाजूचे लोक सांगत होते. केल्विन बधले नाहीत. गणितात चूक नव्हती. चूक होती ती गृहीतात. पृथ्वीच्या पोटातला खडक खोलवर उष्णता अधिक चांगली वाहून नेत असेल, तर सगळा हिशेब बदलतो, असे त्यांचेच एकेकाळचे सहायक जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर खडकांतल्या किरणोत्सर्गातून उष्णता निर्माण होत असल्याचेही कळले. आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. केल्विन यांनी वरच्या कवचाचे मोजमाप बरोबर घेतले होते, पण त्यावरून सगळ्या पृथ्वीचा निवाडा केला.

हे वाचले त्या संध्याकाळी मी पोळ्या करत होते. गेले काही दिवस घरात एक कोडे होते. सकाळी घर छान उबदार असे आणि संध्याकाळी बाळाची खोली गार पडे. थर्मोस्टॅट तर २१ दाखवत होता. लेकीला वाटे मी पुन्हा बटणे दाबली, मला वाटे यंत्रच बिघडले. तव्यावर पोळी फुगली, वाफ दाराकडे गेली, आणि दाराशेजारच्या चौकटीवर माझे लक्ष गेले. तिच्यावर २१.५. जुन्या थर्मोस्टॅटच्या जागीच नवा लावला होता, स्वयंपाकघराच्या दाराशी. मी रोज संध्याकाळी तासभर पोळ्या लाटत होते, आणि तो इमानेइतबारे माझ्या तव्याचे तापमान घेऊन, घर पुरेसे गरम आहे असे समजून यंत्र थांबवत होता. त्याचे माप बरोबर होते, जागा चुकीची होती.

जावयांनी रविवारी तो हलवला. सेलवर चालणारा, बिनतारी प्रकारचा होता, त्यामुळे दोन स्क्रूंचेच काम होते. तार जोडलेला असता तर मेन स्विच बंद करून जाणकार माणसालाच बोलवावे लागले असते. बैठकीच्या आतल्या भिंतीवर, जमिनीपासून पाचएक फूट उंच, ऊन, रेडिएटर, बाहेरचे दार आणि शेगडी यांपासून दूर. बाळाच्या खोलीत एक साधा तापमापक वेगळा ठेवला. त्या रात्री दोन्हीकडचे आकडे लेकीने आणि मी मिळून पाहिले. खोलीत १९. बाळाची मान कोरडी आणि उबदार. बाळाला ऊब कमी पडत असेल, हा माझा कयास त्या पहिल्या दुपारी चुकला होता. संध्याकाळी खोली गार पडते ही माझी तक्रार मात्र खरी होती. लेकीनेही ते मान्य केले, आणि वाद तिथेच मिटला.

केल्विन १८९९ मध्ये निवृत्त झाले आणि लगेच त्याच विद्यापीठात संशोधक विद्यार्थी म्हणून त्यांनी नाव घातले. दहाव्या वर्षी विद्यार्थी, पंचाहत्तराव्या वर्षीही विद्यार्थी. १७ डिसेंबर १९०७ रोजी लार्ग्ज येथल्या घरी त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत, न्यूटनजवळ त्यांना पुरले आहे.

परत निघायच्या आदल्या दिवशी नातीला गाडीत घालून मी पुन्हा त्या पुतळ्यापाशी गेले. कडाक्याची थंडी होती, हवा शून्याच्या आसपास. म्हणजे २७३ केल्विन, असे मी तिला सांगितले. ती दुपट्यात गाढ झोपली होती. गळ्याजवळ दोन बोटे घालून पाहिले, पुरेशी उबदार होती. मग दुसरे दुपटे काही मी घातले नाही.